तपासणीपुरती गोळी

मी एक जुना मज्जातंतू आहे. केसाहून बारीक. मित्रांनो, एका क्रेनवाल्याच्या उजव्या दंडातल्या धमनीला मी त्रेपन्न वर्षं बिलगून आहे. आईच्या पोटात त्याचा हात घडला, तेव्हाच मीही घडलो.

माझं काम पेप्टाइड सोडायचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा एवढासा तुकडा. तो धमनीच्या भिंतीला लागला की तिथला स्नायू सैल होतो, वाट रुंदावते, रक्ताचा दाब उतरतो. शेजारचा तंतू नेमका उलटा. त्याची रसायनं धमनी आवळतात. तो दुष्ट नाही. माणूस झटकन उठला की त्याला भोवळ येऊ नये म्हणून तोच दाब सावरतो. शरीरभर आमची अशी ओढाताण चालते, म्हणून माणूस उभा असतो. त्याबद्दल कुणी आमची पाठ थोपटली नाही.

चाळिशीनंतर शेजाऱ्याचा जोर वाढला. धमन्या ताठरल्या. मी होतं नव्हतं ते ओतलं, पण दाब ऐकेना. डॉक्टरबाईंनी रोजची गोळी लिहून दिली. मला आधार मिळाला. आणि या बहाद्दराने महिन्याभरात ती बंद केली!

"अहो, गोळी?" बायको पाण्याचा पेला घेऊन दारात उभी.

"मला काय धाड भरलीय? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही."

"चक्कर यायची वाट बघताय? साठ फुटांवर बसता तुम्ही!"

"हळू बोल गं. कुणी ऐकलं तर खाली उतरवतील मला."

खरी भीती ती होती. दाब जास्त निघाला की क्रेन सुटणार, गोदामात बसावं लागणार. म्हणून सगळ्या क्रेनवाल्यांनी एक शक्कल लढवली होती. वार्षिक तपासणीआधी पंधरा दिवस इमानेइतबारे गोळी खायची, ‘कामास योग्य’ असा शिक्का मिळाला की सोडून द्यायची.

"काय रे, परीक्षेचा अभ्यास सुरू केलास का?" ते एकमेकांना विचारत आणि खदाखदा हसत.

दाब मोजायचा पट्टा माझ्यावरच आवळला जायचा. "घोड्यासारखे ठणठणीत आहात!" कंपनीचे डॉक्टर म्हणायचे. अहो, हा आकडा पंधरा दिवसांचा आहे, उरलेल्या वर्षाचं काय? पण मला तोंड कुठे होतं? आठ वर्षं आठ शिक्के बसले.

नवव्या वर्षी, एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता त्याच्या मेंदूतली धमनी फुटली.

तो जगला. उजवा हात गेला, वाचा गेली. निर्जीव हातातही रक्त वाहतं, म्हणून मी अजून कामावर आहे. मुलगी रोज गोळी पुढे धरून म्हणते, "बाबा, आ करा." तो तोंड उघडतो, काहीतरी सांगू बघतो. नुसता घोगरा आवाज निघतो. बायको खिडकीकडे तोंड फिरवते.

मित्रांनो, वाढलेला दाब बहुतेकदा दुखत नाही, हाच त्याचा कावा. घरातल्या मोठ्यांना आजच विचारा, गोळी घेतलीत का? ते चिडतील, ओरडतील. ओरडू द्या. त्यांना ओरडता येतंय, तोवरच विचारा.