पडद्याखालची खुर्ची

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. बावीस धडधाकट माणसं एका चेंडूमागे धावतात आणि बाकीचे बसून घसा फोडतात, यात बघण्यासारखं काय आहे हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. मी सुतार माणूस. मला लाकूड कळतं. पण माझे जावई या खेळापायी वेडे आहेत आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला आपणहून कुठे बोलावलं होतं, म्हणून मुकाट्याने त्या बारमध्ये गेलो.

बार मला नवा नव्हता. तिथला दाराएवढा टीव्ही मागच्याच आठवड्यात मी चढवला होता. काम जावयांनीच मिळवून दिलं होतं. मालकाला पडदा मधल्या प्लायवुडच्या पार्टिशनवर हवा होता, कारण तिथे तो सगळ्या टेबलांना दिसतो. मी आतल्या लाकडी चौकटीत स्क्रू पिळले, ब्रॅकेटला स्वतः लोंबकळून पाहिलं आणि मगच पडदा अडकवला. टांगलेलं वजन गप्प लटकून राहतं. त्याला तेवढं पुरतं.

"या बाबा, तुमची जागा धरून ठेवलीय," जावई म्हणाले. पडद्याच्या बरोब्बर खालची खुर्ची. तिथे बसणं म्हणजे मोठा मान, असं त्यांनी सांगितलं. एवढा वेळ मान मोडून वर कोण बघणार? मी त्यांच्यासोबत आलेल्या लेकीला म्हटलं, "तू बस गं तिथे, तुला त्यातलं कळतं." ती खूश झाली. मी टेबलाच्या अलीकडे टेकलो आणि कधी एकदा संपतंय याची वाट बघू लागलो.

मग आपल्या बाजूने गोल झाला. अख्खा बार उठला. पार्टिशनजवळची सगळी मंडळी, सगळ्यात पुढे माझे जावईबापू, दोन्ही हातांनी ती भिंत बडवायला लागली. टेबलावरचे ग्लास थरथरले.

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"पद्धत आहे आमची, बाबा! गोल झाला की भिंत वाजवायची. हा पडदा यायच्या कितीतरी आधीपासून!"

 भिंतीवर काय लटकवायचं ते सगळ्यांनी सांगितलं होतं. भिंतीचं इथे काय करतात, ते कुणीच सांगितलं नव्हतं. आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. मी पिळलेले स्क्रू गप्प उभ्या राहणाऱ्या भिंतीसाठी होते. भिंत अशी हादरली की स्क्रू आत घासतो, लाकूड कुरतडतो आणि भोक सैल होत जातं.

मी ब्रॅकेटकडे बघितलं. मी लावलं तेव्हा त्यामागे नख शिरलं नसतं. आता वरच्या कोपऱ्यात एक काळी रेघ दिसत होती.

सगळे पडद्यावर काय चाललंय ते बघत होते आणि मी एकटा पडद्यामागे. चेंडू समोरच्यांच्या गोलकडे गेला की माझी नजर त्या काळ्या रेघेवर जाई. जन्मात कधी नव्हे ते मी एका संघाने हरावं म्हणून मनापासून विनवण्या करत होतो, आणि तोही आपलाच संघ! पण आपल्या संघाला त्या दिवशी कोण जोर चढला होता. दुसरा गोल झाला. पुन्हा धाड धाड धाड. लेकीने ग्लास उचलला आणि बोटाने त्यातून काहीतरी काढलं.

"काय पडलंय हो यात?"

भुसा होता. ताजा, पिवळा. तिच्या केसांवरही होता.

"पोरी, ऊठ तिथून."

"आत्ता? बाबा, खेळ चालू असताना जागा सोडायची नसते. सोडली की हरतो आपण."

"हरू दे! पडदा निसटतोय वरून!"

ती हसली. "तुम्ही लावलाय ना? मग कसा निसटेल?"

 मी तिला दंड धरून ओढलं, तर तिने टेबल घट्ट धरलं आणि आजूबाजूचे माझ्यावरच खेकसले. मी धावत मालकाकडे गेलो. "पडदा उतरवा, माणूस मरेल खाली!"

"काका, आत्ता उतरवला तर हे लोक मला मारतील," तो म्हणाला. "संपल्यावर बघू."

तेवढ्यात सगळीकडे शांतता पसरली. ती ओरड्यापेक्षा वाईट होती. "पेनल्टी मिळालीय," मालक कुजबुजला, "गोल झाल्यातच जमा." पार्टिशनजवळची माणसं उठून उभी राहिली. जावयांनी कडेला उभं राहून तळवे आधीच वर उचलले होते. सगळ्या बारमध्ये एकटी माझी लेक बसली होती, जागा सोडायची नाही म्हणून.

 मी पार्टिशनच्या मागे शिरलो. वायर जायचं भोक मीच पाडलं होतं. प्लग धरला आणि उपटला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग असा गदारोळ उठला की मला वाटलं, आता हे मला जिवंत सोडत नाहीत. मी प्लग हातात घेऊन बाहेर आलो. कुणीतरी माझी कॉलर धरली.

"बाबा!" लेक किंचाळली. "डोकं फिरलंय का तुमचं?" आणि रागाने लाल होऊन ती ताडकन उठली, टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली.

तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरून, दुसऱ्या कुठल्यातरी बारमधून, प्रचंड आरोळी ऐकू आली. गोल झाला होता. आमच्याकडे काळा पडदा होता, पण जावयांच्या हातांना सवय होती. त्यांनी भिंतीवर दोन्ही तळवे आपटले.

एकदाच.

पडदा आधी पुढे वाकला, मग आला. खुर्चीची पाठ कडाडून मोडली. टेबल आडवं झालं, काचा माझ्या पायांपर्यंत आल्या. माझी कॉलर सुटली. बाहेर लोक नाचत होते आणि आत कुणी खोकलंसुद्धा नाही.

जावई हात भिंतीला लावून तसेच उभे होते. लेकीने माझी बाही घट्ट पकडली होती. ती मोडलेल्या खुर्चीकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "ती तुमची जागा होती."

मी मान हलवली. ती मी तिला दिली होती, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि हातातला प्लग काही केल्या मला खाली ठेवता येत नव्हता.