खंडेनवमीला पूजलेली कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. किती जुनी, यावर मतभेद आहेत. माझ्या माहितीच्या चौकटीत नऊशे वर्षं असं लिहिलं आहे. ज्यांनी मला बनवलं त्यांच्या हिशेबी मी जेमतेम चार वर्षांची. मी एका व्हिडिओ गेममधलं शस्त्र आहे. आमच्यात वय जन्मावर ठरत नाही, कथेच्या गरजेवर ठरतं.

माझा जन्म एका थंड देशातल्या कचेरीत झाला. तिथे भट्टी नव्हती, ऐरण नव्हती. काही तरुण मुलं होती आणि न संपणारी कॉफी होती. एकाने माझा दांडा केला, एकीने पातं. पात्याच्या धारेवर तिच्याकडून एक खाच चुकून राहिली. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून त्या खाचेला इतिहास देण्यात आला: हिमराक्षसाच्या दाताने पडलेली खाच. तेव्हापासून मला तिचा अभिमान आहे.

माझा धनी एस्किल. कोवळा पोरगा, आई वारलेली, बर्फाच्या राज्यात एकटाच भटकणारा. आई जाताना मला त्याच्या हाती देते. माझा घाव बसला की शत्रू जागच्या जागी गोठतो. गेम घेणाऱ्या प्रत्येकाला एकेक एस्किल आणि एकेक कुऱ्हाड मिळते, त्यामुळे जगात आम्ही लाखो बहिणी आहोत. मी आले अलिबागजवळच्या थळ गावात. इथे बर्फ म्हटलं की लोकांना मासळीची पेटी आठवते.

थळला प्राप्तीने मला मोठं केलं. ती अलिबागच्या कॉलेजात शिकते. माझ्या दांड्यावरचं एकेक नक्षीकाम तिने लढून कमावलं. इतर खेळाडूंनी पुढे नवी, चकचकीत शस्त्रं घेतली आणि माझ्या बहिणींना पोत्यात टाकलं. प्राप्तीने मला सोडलं नाही. कौतुकही खूप केलं, फक्त ते ऐकायला घरात कोणी नव्हतं.

तिचे बाबा चांगदेव स्वतःचा ट्रक चालवतात. मागच्या परीक्षेत प्राप्ती एका विषयात राहिली, तेव्हा त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ही कुराडच घुसली हिच्या अभ्यासात." त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं आईमार्फत सुरू झालं.

"तिला सांग, भात गार होतोय," बाबा म्हणायचे. प्राप्ती हाताच्या अंतरावर बसलेली असायची.

"त्यांना सांग, येते."

"मी काय टपालखात्यात हाय?" आई, म्हणजे कल्पिता, म्हणायची, आणि तरी दोन्हीकडचा निरोप पोचवायची.

मग खंडेनवमी आली. या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा होते आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. दारात ट्रकला झेंडूचे हार पडले होते. आत पाटावर ट्रकचे नट फिरवायचे पाने, जॅक, कल्पिताची विळी आणि कोयता मांडून झाले होते. चांगदेवांनी पाटावरून एकदा नजर फिरवली.

"आनि तिची कुराड?"

"कोनाची?" कल्पिताने विचारलं.

"तिची. रोज हातात असते ना? सगल्यांची पूजा करायची न् ती एकटी बाहेर, हा काय न्याय झाला?"

बाबांचं मन बदलायच्या आत प्राप्तीने लॅपटॉप आणून पाटावर ठेवला आणि पडदाभर माझं चित्र लावलं. बाबांनी काचेवर हळद लावली, वर ओल्या बोटाने कुंकू. चार वर्षांत मला रक्त बरंच लागलं होतं, कुंकू पहिल्यांदाच. मग ते थेट लेकीशी बोलले. "आता उद्यापर्यंत हिला हात लावायचा न्हाय. विसावा घेऊ दे."

"हो बाबा," प्राप्ती म्हणाली, आणि मग तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

कारण त्याच संध्याकाळी पाच वाजता गेमच्या स्पर्धेतला तिचा अंतिम सामना होता, रेवदंड्याच्या चिरागशी. सुट्टी म्हणून सगळ्या पोरांनी मिळून तोच दिवस ठरवला होता. आणि आमच्या गेमचा नियम असा, की हरणाऱ्याचं खास शस्त्र जिंकणारा भट्टीत वितळवू शकतो. त्याला तासभराची मुदत असते. वितळलं की ते कायमचं गेलं.

प्राप्ती स्वयंपाकघरात गेली. "आई, तू सांग ना त्यांना, ते नुसतं चित्र आहे."

"मी न्हाय सांगनार. इतक्या दिवसांनी तोंड उघडलंय त्या मानसाने. तूच सांग."

"मी पण नाही सांगणार."

"मग लढशील कशाने? लाटणं देऊ?"

शेवटी प्राप्तीने बाबांना एवढंच विचारलं, की कुऱ्हाड आत राहू देते, पण लॅपटॉप उचलला तर चालेल का. त्यांनी न्यायाधीशासारखा विचार केला. "ते म्यान झालं. म्यान उचल."

म्हणून एस्किल मला पाठीवर बांधून, हातात एक लाकडी वल्हं घेऊन मैदानात उतरला. प्राप्तीच्या कानात चिरागचा आवाज आला.

"वल्हं? बोट बुडाली काय तुझी?"

"खेळ गप."

एस्किलने मार खायला सुरुवात केली. मी पाठीवरून सगळं बघत होते. शस्त्राला याहून वाईट जागा नाही. तेवढ्यात बाबा चहाचा ग्लास घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"कुराड कुठाय?"

"पाठीवर."

"मग पोरगा मार का खातोय?"

"तुम्हीच म्हणालात ना, उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

बाबांनी ग्लास खाली ठेवला. "अगो, नवमीला घाटात टायर फुटला तर मी काय दसऱ्यापर्यंत रस्त्यात बसतो? पान्याच्या पाया पडतो न् उचलतो. अडलेल्या कामाला अवजार उचलायचं असतं."

"हे काम आहे?" पडद्यावरची नजर न काढता प्राप्तीने विचारलं.

बाबांनी एस्किलकडे नीट पाहिलं. "अडलेलं तर दिसतंय."

प्राप्तीने काचेला बोट लावून कपाळाला टेकवलं आणि मला उचललं. मित्रांनो, मग मी मन लावून काम केलं. चिराग एकदा गोठला, पुन्हा गोठला. एका घावाचं अंतर राहिलं होतं. पण पडद्यावर बाबांनी लावलेलं हळदकुंकू तसंच होतं, आणि चिराग नेमका त्या डागाआडून आला. प्राप्तीला तो डाग एका बोटाने पुसता आला असता. बाबा मागे उभे होते; तिने पुसला नाही. एस्किल पडला.

पडद्यावर भट्टी पेटली आणि तिच्यावर मी लटकले. बाबांनी हे काय म्हणून विचारलं. प्राप्तीने सांगितलं, आता चिरागने ठरवलं तर कुऱ्हाड वितळणार.

"कायमची?"

"कायमची."

बाबांनी तिच्या कानावरचा हेडफोन काढून आपल्या तोंडापुढे धरला. "चिराग म्हंजे हार्डवेअरवाल्या मितेशशेठचा तू?"

"हो काका."

"बाला, तू जिंकलास, त्यात वाद न्हाय. पन काचेवर कुंकू मी लावलं, न् माज्यासाठी पोरीने ते ठेवलं. चूक माजी हाय. तिची कुराड वितलवू नको."

कल्पिता दारात येऊन थांबली. नवऱ्याला कोणापुढे आर्जव करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. हेडफोनमधून चिरागचा आवाज आला.

"पूजेतली आहे काय ती, काका?"

"सकालीच झाली पूजा."

"मग विषयच संपला. पप्पा आज दुकानात सुतळी पण कापू देत नाय. कळलं तर मलाच भट्टीत घालतील."

"मग तू आज हत्यार घेऊन खेललास कसा?"

"काका, खेळ वेगळा, पूजा वेगळी."

बाबांनी हेडफोन प्राप्तीला परत दिला. तासाभराने भट्टी आपोआप विझली. मला बनवणाऱ्यांनी सूड, दया, दगाबाजी या सगळ्यांची सोय केली होती. सणाची केली नव्हती.

दसऱ्याला सकाळी बाबांनी ट्रक सुरू करून चार हात पुढे घेतला, कल्पिताने कोयत्याने शहाळं फोडलं. मग बाबा प्राप्तीशेजारी येऊन बसले. ती मला जंगलात घेऊन गेली. तिथे शत्रू नव्हता, नुसता ओंडक्यांचा ढीग होता. तिने एक ओंडका फोडला.

"अजून एक फोड," बाबा म्हणाले. "ह्या बाजूने, गाठ सोडून."

मित्रांनो, तुमच्या घरातही रोज कोणाच्या तरी हातात असलेली एखादी वस्तू असेल, तुम्हाला कदाचित न आवडणारी. तिला नावं ठेवण्याआधी ती हातात धरणाऱ्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. लोखंडाला निदान गंज तरी लागतो, माझ्या नशिबी तोही नाही. मला फक्त विसरलं जाऊ शकतं. म्हणून एवढंच मागते: विसावा द्या, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने उचला. त्या सकाळी आम्ही सगळा ढीग फोडला.