शालिनीताईंची बावीस मुलं

“पुसून टाका,” शालिनीताई म्हणाल्या.

मी माउसवरचा हात उचलला. पडद्यावर मशीन विचारत होतं, डिस्कवरचं सगळं पुसून लिनक्स ही नवी प्रणाली टाकू का? सगळं म्हणजे विश्वासरावांचं सगळं. ताईंचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती आणि लॅपटॉप त्यांचा. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर त्या भल्या माणसाला एकच नाद लागला होता, वर्तमानपत्रांच्या संपादकांना पत्रं लिहायचा. छापून एकही आलं नाही. तरी दोनशे अकरा पत्रं त्या डिस्कवर होती. मीच मघाशी मोजून दाखवली होती.

“ताई, एकदा अजून विचार करून घ्या. गेलं तर गेलंच, परत नाही येणार.”

“आत्ता पेन ड्राइव्हवरून चाललं होतं ना? तसंच नाही चालणार?”

“चालतं, पण इंटरनेटचं पान उघडलं की बसून जातं. जुनं मशीन आहे, मेमरी कमी. डिस्कवरच टाकावं लागेल, आणि डिस्कवर जागा नाही.”

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. मला एक पत्र उघडायला सांगितलं, कुठलंही. मी उघडलं. गल्लीतल्या कुत्र्यांविषयी होतं, शुद्ध हिंदीत, ‘महोदय’ने सुरू होणारं. ताई वाचता वाचता हसल्या, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, “हे असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. मुलांपुढे पत्रांचं काय एवढं? पुसा.”

मी पुसलं. पत्रं माझ्या फोनमध्ये उतरवून घेता आली असती, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. का नव्हतं, ते सांगायलाच बसलोय.

मी गोपाळकृष्ण, शाळेतला प्रयोगशाळा सहायक. परखनळ्या धुण्यात सत्तावीस वर्षं गेली. मेलेली मशीनं उठवून बसवण्यात हात चांगला, म्हणून शाळेत थोडीफार किंमत. नाहीतर आम्हाला कोण विचारतो! आमच्या संस्थेच्या तीन शाळा होत्या. आमची शहराच्या लष्कर भागात, गोरखीपासून चार पावलांवर. त्या वर्षी संस्थेने तिन्ही मिळून एक शाळा केली आणि ती नेली लांब थाटीपूरला. सकाळीच टेम्पो येऊन कंप्यूटर, कूलर, कपाटं, इंटरनेटचा डबा, सगळं घेऊन गेला होता. जून महिना, बाहेर लूच्या गरम झळा चाललेल्या, आणि रिकाम्या स्टाफरूममध्ये आम्ही दोघं, एक टेबल, दोन खुर्च्या.

शालिनीताई मराठी शिकवायच्या. आमच्या हिंदी मुलखात, तिसरी भाषा म्हणून. संस्थेचा नवा नियम असा, की पंधरा मुलं असतील तर मराठीचा वर्ग राहील, नाहीतर मुलं संस्कृतला आणि ताई अतिशेष. अतिशेष म्हणजे जास्तीच्या. ज्या बाईने लष्कर भागातल्या अर्ध्या मराठी घरांना ‘ज्ञ’ काढायला शिकवला, ती जास्तीची! आईबापांनी आपापल्या मोबाइलवर भाषा निवडून अर्ज भरायचा, आणि शिक्षकाने साईटवर जाऊन यादी प्रमाणित करायची. आज संध्याकाळी पाचपर्यंत. नाही केली तर वर्ग आपोआप बंद. स्टाफचं पान मोबाइलवर उघडत नव्हतं. सायबर कॅफेवाला लग्नाला भिंडला गेलेला. थाटीपूरचा बाबू फोनवर म्हणाला, “सिस्टम अभी पैक पड़े हैं, मैडम.” मग ताईंना घरातला लॅपटॉप आठवला आणि लॅपटॉपवरून मी.

ताईंना पंधराची चिंता नव्हतीच. त्यांच्या वहीत बावीस नावं होती. महिनाभर उन्हातान्हात घरोघर फिरल्या होत्या. आपल्या लोकांची रीत ठाऊक आहे ना? दारात आलेल्या माणसाला पन्हं देतील, हातावर साखर ठेवतील, पण तोंडावर नाही म्हणणार नाहीत. सगळ्यांनी शब्द दिला. माझ्या घरीही आल्या होत्या. माझी नात पद्मा, सहावीत. माझ्या आईचं नाव तिला ठेवलंय. मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, “ताई, हेही काही विचारायचं झालं?”

आणि आठ दिवसांनी सून स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, ओटीपी आला असेल बघा तुमच्या फोनवर, जल्दी बताइए ना!”

“कसला गं?”

“पद्माच्या भाषेचा. संस्कृत टाकतेय. स्कोरिंग है. मराठी शिकून कुठे जाणारेय ती?”

मला बोलता आलं असतं. घर माझं, फोन माझा. पण मी म्हटलं, जाऊ दे, बावीसमधून एक गेली तर कुठे आभाळ कोसळतंय! सूनबाईंशी भांडण कोण घेणार? चष्मा लावला आणि सहा आकडे एकेक करून वाचून दाखवले. ओटीपी मीच सांगितला.

आता त्याच बाईच्या शेजारी बसून मी तिचा लॅपटॉप चालू करत होतो. यादी उघडली की पद्माचं नाव मराठीत नाही, हे दिसणारच. म्हणून खरं सांगायचं तर मी देवाला विनवत होतो, की हे डबडं आज चालूच होऊ नये. मशीनवर खापर फुटेल, वर्ग बंद पडेल आणि माझं तोंड झाकलेलं राहील. लाज वाटते लिहायला, पण हेच होतं मनात.

सव्वातीनला लिनक्स बसलं. विश्वासरावांच्या हातात जे मशीन दहा मिनिटं कण्हायचं, ते आता तीस सेकंदांत उभं राहिलं. ताईंनी टाळीच वाजवली. “कमाल आहात हो गोपाळराव!” पण वायफाय दिसेना. जुन्या लॅपटॉपांत हे होतं; आतला वायफायचा भाग लिनक्सला ओळखता येत नाही, त्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवरून उतरवावी लागते, आणि इंटरनेट तर त्याशिवाय नाही.

“म्हणजे विहिरीत उतरायला दोर हवा, आणि दोर विहिरीतच?” ताई म्हणाल्या.

“तसंच.”

मला हायसं वाटलं. पण त्यांचा चेहरा असा उतरला, की माझ्या तोंडून निघूनच गेलं, “फोन केबलने जोडला तर फोनचं इंटरनेट मिळतं.” मी माझी केबल लावली. फोन चार्ज होऊ लागला, बाकी काही नाही. स्वस्तातली केबल, नुसतं चार्जिंग करणारी. पुन्हा हायसं वाटलं.

“दुसरी कुठे मिळेल?”

“बाड्यावरच्या बाजारात. पण ताई, या उन्हात...”

“तुम्ही मशीनपाशी थांबा. मला काय कळतंय त्यातलं!” म्हणत त्या डोक्यावर पदर घेऊन निघाल्याही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, रक्तदाबाची गोळी चालू. मी उठून ‘मी जातो’ म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. पंख्याखाली बसून राहिलो आणि त्यांना दुकान बंद मिळो, असं मनात म्हणत राहिलो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

चारला त्या परत आल्या. तोंड लालबुंद, हातात केबल, आणि माझ्यासाठी कागदात गुंडाळलेली गरम कचोरी. “तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीत,” म्हणाल्या.

मी एक घास मोडला आणि कचोरी कागदातच ठेवून दिली.

केबल लावली, फोनमध्ये एक बटण सरकवलं आणि लॅपटॉप इंटरनेटवर आला. ताईंनी पत्ता स्वतः टाइप केला, एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत. पान उघडण्याऐवजी लाल खूण आली. ही जोडणी सुरक्षित नाही.

मला कारण लगेच कळलं. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, एक जानेवारी दोन हजार आठ. जुन्या मशीनच्या पोटातली बारकी बॅटरी मेली, की त्याचं घड्याळ असं मागे जातं, आणि साईट अशा मशीनला दारात उभं करत नाही. दोन मिनिटांचं काम. पण मी कपाळाला आठ्या घातल्या आणि इकडेतिकडे उगाच क्लिक करत राहिलो. सव्वाचार झाले, चार वीस झाले.

“काय म्हणतंय हो?”

“कठीण दिसतंय, ताई.”

त्या जवळ सरकल्या. चष्मा नाकावर ओढून पडदा न्याहाळू लागल्या. “अहो, इथे दोन हजार आठ लिहिलंय.”

मी उगाच अजून एक क्लिक केलं.

“दोन हजार आठ,” त्या पुन्हा म्हणाल्या. “तेव्हा माझ्या वर्गात एकसष्ट मुलं होती, गोपाळराव. बाक कमी पडायचे म्हणून खाली सतरंजी टाकायची मी. आणि हे रोज सकाळी मला स्कूटरवर सोडून जायचे.” मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, “यामुळे तर नाही ना अडलेलं?”

माझ्याने खोटं बोलवेना. “यामुळेच अडलंय,” मी म्हणालो.

“मग बदला ना. असं काय करता?”

मी वर्ष बदललं. महिना, तारीख, वेळ. पान उघडलं. ताईंनी वहीच्या मागच्या पानावरचा पासवर्ड टाकला, देवाला हात जोडले. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

पावणेपाचला यादी आली. वर लिहिलं होतं, मराठी, एकूण नऊ.

“खाली अजून असतील. खाली करा.”

मी खाली केलं. खाली पान कोरं होतं.

“साईट अर्धीच उघडली असेल. परत उघडून बघा.”

परत उघडली. नऊच. ताईंनी वहीतलं नावांचं पान काढलं. म्हणाल्या, “संस्कृतची दाखवा.” त्यांनी वही पडद्याशेजारी धरली आणि त्या लांबलचक यादीवरून बोट फिरवू लागल्या. आमची माणसं त्यांना तिथे सापडू लागली.

“संभाजीरावांचा नातू. जाऊ दे, ते आजारी असतात, घरात कोणी भरून टाकलं असेल. महिपतरावांच्या दोघी मुली. अरे देवा, महिपतरावांनी तर देवघरापुढे उभं राहून सांगितलं होतं मला. असो. मुलींना पुढे डॉक्टर व्हायचंय, मार्क लागतात. मंदाताईंची नात. मंदाताईंना कुठे काय विचारतात घरात? दौलतसिंह शिंद्यांचा मुलगा...”

प्रत्येकाची बाजू त्या स्वतःच मांडत होत्या. एकावरही चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पद्माचं नाव पानाच्या मधोमध होतं. मला ते केव्हाच दिसलं होतं. बोट हळूहळू खाली येत होतं, त्या नावाशी आलं आणि खालच्या ओळीवर गेलं. ताईंनी ते नाव वाचलं नाही. पुढचं वाचलं, आणि यादीच्या शेवटापर्यंत वाचत गेल्या.

“ताई,” मी म्हणालो. “आमची पद्मा...”

“बारा झाली,” ताई म्हणाल्या. “बारा नाही आली.”

बावीसमधून नऊ गेले की तेरा राहतात. एकतीस वर्षं हजेरी घेतलेली बाई मोजण्यात चुकत नाही.

पाचला पाच मिनिटं होती. त्यांनी मराठीची यादी परत उघडायला सांगितली. खाली ‘प्रमाणित करें’ असं बटण होतं.

“आता दाबून काय उपयोग, ताई? पंधरा नाहीत. वर्ग तर गेलाच.”

“नऊ तर आहेत ना? त्या नऊ घरांनी शब्द पाळला माझा. त्यांचं नाव नोंदलं जाऊ दे.”

त्यांनी नऊही नावं सावकाश वाचली, हजेरी घेतात तशी, आणि बटण दाबलं. लगेच उत्तर आलं. संख्या अपर्याप्त, विषय समाप्त. एवढंच. मी सकाळपासून ज्या मशीनच्या पाया पडत होतो, की बाबा चालू नको, ते किती सुरेख चाललं!

ताईंनी लॅपटॉप मिटला. वही पिशवीत ठेवली. माझ्या फोनची केबल काढली, फोनवर माझ्याच कचोरीचं तेल लागलं होतं, ते पदराने पुसलं. मला रडू फुटत होतं आणि त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. शब्द जुळवत होतो मी. माफ करा म्हणायचं होतं. ओटीपी मीच सांगितला, हे माझ्या तोंडाने सांगायचं होतं.

त्यांनी फोन दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“गोपाल जी, ये आपका फ़ोन,” त्या म्हणाल्या. “आपको आज बहुत तकलीफ़ दी. धन्यवाद.”

सत्तावीस वर्षांत त्या माझ्याशी हिंदीत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आवाजात राग नव्हता. थाटीपूरच्या बाबूशी बोलतात, तितक्याच अदबीने बोलल्या. मी फोन घेतला आणि तोंड उघडलं.

“कोई बात नहीं, मैडम,” मी म्हणालो.