चवीपुरतं

"काका, आता तिसऱ्या पिंजऱ्यातले," मृणालिनी म्हणाली. ढुंढिराजांनी हात आत घातला. पांढरा उंदीर पळाला नाही. रोज दाणा घालणारा हात तो ओळखत होता. त्यांनी तो तिच्या हवाली केला आणि तोंड फिरवलं.

ढुंढिराजांचा जन्म काशीतल्या बालाजी घाटाजवळच्या भिक्षुकाच्या घरातला. पण पोटासाठी अठ्ठावीस वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या प्राणीघरात उंदीर सांभाळले होते. कुठल्या प्रयोगात काय देतात, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं, कारण पाण्यात कालवायची ती पांढरी, चमकती पूड त्यांच्या ओळखीची होती.

"चायनीज नमकच आहे ते, अजिनोमोटो," पुण्याहून संशोधनासाठी आलेली मृणालिनी म्हणाली. "ज्यांना दिलं, त्यांच्या रक्तातलं क आणि ई जीवनसत्त्व उतरलंय."

"आणि माणसांचं?"

"ते यातून नाही सांगता यायचं, काका. यांना वजनाच्या मानानं फार दिलंय. का हो?"

"सहज."

घशाच्या गाठीवर रेडिएशन घेतल्यापासून त्यांच्या बायकोच्या, शरदिनीबाईंच्या, जिभेची चव गेली होती. भात तोंडात घेतला की माती चावल्यासारखं होतं, असं त्या म्हणत. चार दिवस राहायला आलेल्या भाचीनं आमटीत चिमूटभर ते नमक घातलं, तेव्हा कुठे वाटी रिकामी झाली. मग ढुंढिराज रोजच घालू लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी पुडी मोरीत ओतली. क जीवनसत्त्वासाठी आवळे किसून रस काढला. बायकोच्या अंगात आधीच काय उरलं होतं? पहिल्याच घोटाला घसा पोळला आणि शरदिनीबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. आमटीला त्यांनी बोटही लावलं नाही. "एकदम फीकी आहे हो," एवढंच म्हणाल्या.

असे सहा दिवस गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ढुंढिराजांना बाहेर नेलं. "पंडितजी, अब जो खाएँ, खिलाइए."

येताना त्यांनी नवी पुडी घेतली.

"आज थोडा स्वाद लागतोय," शरदिनीबाई म्हणाल्या. "काय घातलंत?"

मग त्यांच्यानं राहवलं नाही. उंदीर, जीवनसत्त्वं, मोरीत ओतलेली पुडी, सगळं त्यांनी सांगून टाकलं. शरदिनीबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"ते उंदीर किती दिवस जगतात हो?"

"प्रयोग संपेपर्यंत."

त्यांनी वाटी पुढे केली. "वाढा अजून थोडी."

त्यानंतर सात आठवडे त्या होत्या. ढुंढिराजांनी साठलेली सगळी रजा काढली. दुपारी पाठीशी उशी देऊन त्यांना बसवायचं, चमचा ओठांशी न्यायचा, आणि घास गिळून होईपर्यंत, घाई न करता, खिडकीतून नदीकडे बघत थांबायचं.