शिळेखालची जागा

दात तळहातावर होता — पुढचा, मुळाशी तपकिरी, एका कडेने झिजलेला — परवा पडला तो आपला, हे तिला पटतच नव्हतं. बिरसीने तो अंगणातल्या मडक्यात, वर्षापूर्वी गेलेल्या लोद्रोच्या हाडांमध्ये सोडला. टिक्... एवढाच आवाज.

बत्तीस वर्षं त्याच्याबरोबर राहिली. पण लग्नाचं गावजेवण राहिलं ते राहिलंच, म्हणून ती ‘ढुकू’ — घरात घुसलेली. घुसलेलीची हाडं कुळाच्या शिळेखाली जात नाहीत. मडकं वर्षभर राखायला मात्र चालते! कोण कुठल्या शिळेखाली हे तिला तोंडपाठ... त्यातलीच सासू, जिने घरातल्या पितरांच्या कोपऱ्यात हिचं पाऊल पडू दिलं नाही.

मडकं टेकडीवर कुळाच्या शिळेपाशी पोचलं, ढोल थांबला. पुरुषांनी पहारींनी शिळा एका बाजूने उचलली आणि भर दुपारी खालून गार हवा आली — कुणीतरी कधीचा रोखलेला श्वास सोडावा तशी. पाहानाने, गावच्या पुजाऱ्याने, हाडं पानावर ओतली, हळद-तेल लावू लागला. बोटं थांबली.

“हा कुणाचा?”

नणंद चामी वाकली. “अगं बाई! दादाला दात होते कुठे? दहा वर्षं भात चुरून खायचा.”

मेले! एवढा संसार केला आणि मला त्याचं तोंड आठवू नये?

पाहानाने दात उन्हात धरला, मग बिरसीकडे पाहिलं... नाही, तिच्या तोंडाकडे. तिने ओठ मिटले.

“तुमच्या कुळाला सगळंच उशिरा सुचतं,” तो म्हणाला, “दातही मेल्यावर!”

सगळे हसले. दात हाडांबरोबर आत गेला. शिळा बसली.

गेले मी... थोडी. बरं वाटायला हवं होतं. पण खाली काहीतरी सरकत होतं — सासू, सासूची सासू — त्या जागा करून देतायत, की जवळ येऊन बघतायत, हिला कुणी बोलावलं म्हणून? आणि ही वर उरलेली बिरसी, हिची कुठली टेकडी? बापाच्या कुळाने तर केव्हाच हात झटकलेले...

“वहिनी, चल ना, भात निवतोय.” बत्तीस वर्षांत चामी पहिल्यांदा वहिनी म्हणाली.

चामी शेजारीच उभी होती, हाताला धरून. आवाज मात्र वरून आला — खूप वरून, दगडापलीकडून — आणि ओ द्यावी, की आधी इथं खालच्या या सगळ्यांना विचारावं, हे बिरसीला कळेना.