अण्णांनी फक्त चालायचं होतं

मधूच्या वहीत चित्रपटाची अकरा उद्दिष्टं होती आणि शामलाला त्यातली दहा नको होती. कॉलेजच्या सिनेमंडळाकडे चावी भरून चालवायचा एक जुना कॅमेरा होता आणि चार मिनिटांचं एकच रीळ. तेवढ्यात मधूला किल्ला, तोफा, सराफ्यातली गर्दी, मावळता सूर्य आणि शिवाय एक संदेश असं सगळं कोंबायचं होतं.

"सरांनी उद्दिष्ट एका वाक्यात मागितलंय," शामला म्हणाली. "माझं लिही. अण्णा घरून ऑफिसला चालत जातात. बस्स."

"अरे यार, इसमें फिल्म क्या है?" मधूने वही मिटली.

काय आहे ते तिला धड सांगताही येईना, आणि त्याचीच जास्त चीड आली. एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपणार होतं. नव्या राज्याची राजधानी भोपाळला, म्हणून अण्णांचं ऑफिसही भोपाळला. हेडक्लार्क गोपाळकृष्ण, म्हणजे तिचे अण्णा, सत्तावीस वर्षं जयेंद्रगंजातल्या घरून गोरखी वाड्यातल्या ऑफिसला पायी जात होते. हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित डावीकडे, जणू कुणाचं तरी ऐकत चाललेत. शनिवारी शेवटचा दिवस होता आणि सोमवारी त्यांची गाडी. ती चाल तिला ठेवून घ्यायची होती. घरी अण्णांचा म्हणावा असा एकच फोटो होता, संस्थानाच्या काळातल्या दरबारचा. त्यात शेवटच्या रांगेत त्यांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग. नवे नवे नोकरीला लागले होते, ऐन वेळी हलले.

शेवटी अर्धं अर्धं ठरलं. शुक्रवारी मधूने आपली दोन मिनिटं किल्ल्यावर उडवली आणि त्यातही बहुतेक कबुतरंच आली. शामला त्याच्याशी दिवसभर बोलली नाही.

शनिवारी सकाळी अण्णा म्हणाले, "रस्त्यात नको गं, लोक बघतात. गोरखीच्या दारात घे." तिने मान्य केलं. दारापासून आतल्या पायरीपर्यंत चालले तरी पुरे होतं.

ती आणि मधू पोचले तेव्हा दारासमोर खुर्च्या मांडलेल्या होत्या. सगळं ऑफिस हजर. हुद्द्याप्रमाणे रांग, मोठे बसलेले, धाकटे उभे, आणि मधोमध ट्रंकेतल्या वासाची दरबारी पगडी घालून अण्णा. शामलाने कपाळावर हात मारला.

"अण्णा, हा फोटो नाही! तुम्ही फक्त चालायचंय!"

"नट चालतात, बेटा. आम्ही नोकरदार माणसं." त्यांनी हनुवटी वर केली. "सुरू कर."

मधूने चावी भरली. कॅमेरा घरघरू लागला आणि रांग दगडासारखी झाली. कुणी पापणी लववीना.

"रुकूं क्या?" मधू कुजबुजला.

"नको. उठतील आता. अण्णा, चला ना!"

मधूने पुन्हा चावी भरली. अण्णांच्या गळ्याची शीर ताठली होती, डोळ्यांत पाणी जमत होतं, पण ते हलले नाहीत. शामलाला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, त्यांना दंडाला धरून ओढावंसं वाटलं. एवढी वहीभर भांडणं केली ती खुर्च्यांसाठी? आणखी एकदा चावी भरली, मग आणखी एकदा. मग कॅमेऱ्यात काहीतरी फटफटलं.

"खतम," मधू म्हणाला. "रीळ संपलं."

अण्णांनी श्वास सोडला. पगडी काढून काखेत धरली, डोळे पुसले आणि ते आत निघाले. हात पाठीमागे, मान किंचित डावीकडे. दारापासून पायरीपर्यंत, अगदी तिने ठरवलं होतं तसे, सकाळच्या उन्हात.

शामलाने मधूच्या हातून कॅमेरा हिसकून घेतला आणि डोळ्याला लावला. काचेतून ते स्पष्ट दिसत होते. पायरीवर थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"शामे, या वेळी चेहरा आला ना गं? मी हललो नाही."

तिने कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

"आला, अण्णा," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ आला."