सोबतच्याला दाखवलं का?

आईने ससे पाळणाऱ्यांसाठी ईमेलची यादी काढली, तेव्हा आम्ही दोघं भावंडं पोट धरून हसलो होतो. दादा म्हणाला, "अगं, ईमेल कोण वाचतं आता? फोनवर ग्रुप काढ." आईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "फोनवरच्या ग्रुपात माणसं आधी बोलतात आणि मग वाचतात. तोवर सशाचं पोट फुगतं."

अकरा वर्षांत त्या यादीत तीनशे चाळीस माणसं आली. कोण कुठली, देव जाणे. एक निवृत्त सैनिक, त्यांना सगळे सुभेदारकाका म्हणायचे. एक शिवणकाम करणारी बाई, जिचा ससा दर महिन्याला एक दोऱ्याचं रीळ कुरतडायचा. यादीवर पाठवलेलं प्रत्येक पत्र आधी आईकडे अडकून पडायचं. ती रोज दुपारी चार वाजता तिच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसायची, सगळी पत्रं वाचायची आणि एकेक सोडायची. कुणी औषधाचा डोस चुकीचा लिहिला, तर मधेच चौकटी कंसात दुरुस्ती करायची. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, स्वतः टाइप करून, एक ओळ: पाणी बदललंत का?

यादीचा कायदा कडक. पत्र नाकारलं तर एका ओळीत कारण यायचं, आणि बहुतेक वेळा ते एकच असायचं: "सशांशी संबंध नाही." मला चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम कायम झालं, तेव्हा मी गंमत म्हणून ती बातमी यादीवर पाठवली. नाकारली. पाच मिनिटांनी आई माझ्या खोलीत आली आणि तिने मला घट्ट जवळ घेतलं. म्हणाली, "यादी वेगळी, घर वेगळं."

आणखी एक नियम होता. कुणाचा ससा गेला तर त्याने 'शेवटची नोंद' पाठवायची. त्यात ठरलेले प्रश्न असत: नाव, वय, वजन, काय आवडायचं, कशाने मेला, मागे कोण राहिलं, आणि शेवटी, सोबतच्याला दाखवलं का? कारण जोडीतला एक ससा मेला की दुसऱ्याला त्याच्याजवळ थोडा वेळ बसू द्यावं लागतं. तो हुंगतो, ढोसतो, मग उठून आपल्या वाटेने जातो. दाखवलं नाही तर तो वाट बघत राहतो आणि खाणं सोडतो. त्या नोंदीत 'देवाघरी गेला' असं लिहिलेलं आईला अजिबात खपत नसे. "मेला असेल तर मेला लिहा," ती उत्तर द्यायची. "सशाला खरं दाखवता, आणि स्वतःला का फसवता?"

अशा बाईशी आम्ही खोटं बोललो. आईच्या पोटातली गाठ साधी नाही, हे डॉक्टरांनी दादाला आणि मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सांगितलं. दादा म्हणाला, तिला नको सांगायला, धसका घेईल. मी मान डोलावली. आत गेले तर आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "साधी गाठ आहे. परवा घरी." ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मुकादमाला सांग, परवा येते म्हणून."

मुकादम म्हणजे आमचा ससा. राखाडी, गळ्याशी पांढरा, आणि घरातला प्रत्येक कोपरा तपासत हिंडायची सवय. मी घरी जाऊन त्याला खरोखरच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई झोपेतच गेली. हॉस्पिटलमधून तिला परस्परच नेलं. घरी आणलीच नाही.

पाचव्या दिवशी फोनवर यादीची पत्रं आलेली दिसली. सात पत्रं, सगळी दुपारी चारची. मी तेव्हा काही वाचायच्या मनःस्थितीत नव्हते. मला वाटलं, आपोआप सुटत असतील. मग सहाव्या दिवशी सुभेदारकाकांचं पत्र आलं. त्यांचा ससा शिंकतोय. त्यात कंसात लिहिलं होतं: [काका, पिंजऱ्यावरचा पंखा आधी बंद करा. हे मी उन्हाळ्यातही सांगितलं होतं.] आणि खाली: पाणी बदललंत का?

मी दादाला फोन लावला. तो परगावी राहतो आणि कॉम्प्युटरचंच काम करतो, त्यामुळे त्याच्या सशाला कायम तीनच पाय. "कुणाला तरी पासवर्ड दिला असेल तिने," तो म्हणाला. "लोकांना कळव ना आई गेल्याचं. ज्याने कुणी हा उद्योग चालवलाय तो गप्प बसेल."

पटलं मला. मी पत्र लिहिलं: आपली यादी चालवणाऱ्या माझ्या आईने अल्पशा आजारानंतर शांतपणे सर्वांचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी चार वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं. पत्र नाकारलं आहे. कारण: सशांशी संबंध नाही.

मी दुकानात होते. चाकावर काच तशीच फिरत राहिली आणि तिची कड गेली. मालक ओरडले, ते मला नंतर कळलं.

त्याच दिवशी मुकादमाने खाणं पूर्ण सोडलं. आधी नुसतं कमी झालं होतं, आता गवताच्या काडीलाही तोंड लावेना. मी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. "आजार काही नाही," त्या म्हणाल्या. "कुणाची तरी वाट बघतोय. पातळ खाणं पिचकारीने भरवा, दिवसातून चारदा. पण फार दिवस नाही निभणार हे. तीन दिवस, फार तर चार. स्वतःहून खाल्लं नाही तर आतडी थांबतील."

आईचं मागे राहिलेलं म्हणजे हे एवढंच. दीड किलोचं, राखाडी. मी त्याला मांडीवर घेऊन पिचकारी तोंडात घालायचे आणि तो निम्मं माझ्या कपड्यांवर सांडायचा. मला त्याचा राग यायचा, आणि मग स्वतःचाच यायचा. परवा येते म्हणून त्याला मीच सांगितलं होतं.

दुसरं पत्र मी शहाणपणा करून लिहिलं. संबंध हवाय ना सशांशी? घ्या. 'मुकादम या सशाची मालकीण देवाघरी गेली. ससा खात नाही, काय करावं?' चार वाजता उत्तर आलं. नाकारलं आहे. कारण: खरं काय ते लिहा.

 संध्याकाळी दादाचा फोन आला. ज्या कंपनीच्या यंत्रावर ही यादी चालते, तिथे त्याने चौकशी केली होती. "पत्रं आपल्याच घरातून सोडली जातायत," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "तूच करतेयस ना? मी रागावणार नाही. असं होतं माणसाचं."

"मी चार वाजता दुकानात असते रे!"

"बरं, बरं," तो म्हणाला, वेड्या माणसाला म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. तीन वाजता आईच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढून काढली. बाहेरच्या खोलीतली इंटरनेटची डबी बंद केली आणि तीही वायरीसकट उशाशी घेऊन आईच्या पलंगावर बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत होता. भुतंखेतं असल्या वेळी येत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मुकादम कपाटाखालून बाहेर आला. दोन दिवस तो जागचा हलला नव्हता. तो आईच्या खुर्चीपाशी गेला आणि खुर्चीखाली, जिथे तिचे पाय असायचे, त्या जागेभोवती गोल फिरू लागला. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. ससे हे फक्त आवडत्या माणसाभोवती करतात. मग तो अंग पसरून बसला आणि त्याने डोकं जमिनीला टेकवलं, कुरवाळा म्हणून.

त्याच्या दोन कानांमधले केस हळूहळू मागे दबले. सुटले. पुन्हा दबले.

 खिडकी बंद होती, पंखा बंद होता. त्याचे डोळे अर्धे मिटले होते आणि तो दात हलकेच वाजवत होता, सुखात असला की वाजवायचा तसे. कॉम्प्युटरचा पडदा काळाच होता. माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. एक पत्र, दोन, पाच. सुभेदारकाकांचा ससा आता शिंकत नव्हता. पाणी बदललंत का?

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त लाज वाटली. ती समोर बसून काम करत होती, आणि ती मेली आहे हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. परवा घरी, मी म्हणाले होते. आली होती ती घरी.

"आई," मी म्हणाले.  मुकादमाने एकदम डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तो कपाटाखाली निघून गेला.

तोंडाने सांगणं मला जमणार नव्हतं. त्या रात्री मुकादमाला पिचकारी भरवली, त्याने ती सगळी बाहेर काढली. पोट हाताला कडक लागायला लागलं होतं. सकाळी उठून मी शेवटची नोंद लिहायला घेतली. आईने ठरवलेले प्रश्न, आईच्याच क्रमाने.

नाव: आई. वय: त्रेसष्ट. वजन: एकसष्ट किलो. काय आवडायचं: ससे, लोकांच्या चुका काढणं, खिडकीतलं ऊन.

कशाने मेली. इथे मी अर्धा तास अडले. 'गेली' लिहिलं, खोडलं. 'सोडून गेली' लिहिलं, खोडलं. जिने मला बोलायला शिकवलं तिच्यासाठी तो शब्द लिहायचा म्हणजे हात झडेल असं वाटत होतं. शेवटी लिहिलं: पोटातल्या गाठीने मेली. गाठ साधी नव्हती. मला माहीत होतं. तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तिला सांगितलंच नाही.

मागे कोण राहिलं: एक ससा, राखाडी.

सोबतच्याला दाखवलं का: नाही. परस्पर नेलं. तो वाट बघतोय आणि खात नाही. मीच त्याला सांगितलं होतं की ती परवा येणार आहे. चूक माझी आहे.

पाठवलं, आणि दुकानात गेलेच नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले. आईच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवलं होतं, पण आत बघायचा धीर नव्हता. चार वाजले. चार वाजून दोन मिनिटं झाली. पाच झाली. नाकारल्याचं पत्र आलं नाही. काहीच आलं नाही. मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती उठताना व्हायचा तसाच, खुर्चीचा डावा पाय घासल्याचा. आणि फोन थरथरला.

माझीच नोंद होती, तीनशे चाळीस जणांना गेलेली. तीन ठिकाणी चौकटी कंस होते.

वजनापुढे: [चोपन्न. मुकादमाची वही बघ.]

मागे कोण राहिलं, त्यापुढे: [आणि दोन मुलं. धाकटीच्या जेवणाकडे लक्ष द्यावं.]

आणि 'तिला सांगितलंच नाही' याच्यापुढे: [माहीत होतं. तू सांगशील म्हणून थांबले होते.]

खालची नेहमीची ओळ होतीच.

मुकादमाच्या वजनाची वही आईच्या टेबलावर असते. ती दर रविवारी त्याचं वजन लिहायची. मी आत गेले. खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकलेली होती. वही उघडली. मुकादमाच्या आकड्यांशेजारी, गेल्या सहा महिन्यांपासून, आणखी एक रांग होती, वर काहीही न लिहिलेली. एकसष्ट. साठ. अठ्ठावन्न. शेवटचा आकडा हॉस्पिटलात जायच्या आदल्या रविवारचा होता. चोपन्न. दर रविवारी ती काट्यावर उभी राहून हे बघत होती, आणि मी शेजारच्या खोलीत होते.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. बारा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने, शेजाऱ्यांची पर्वा न करता. मुकादम कपाटाखालून आला. खुर्चीखालची जागा त्याने हुंगली, इकडून, तिकडून. नाकाने एकदा ढोसली. मग तिथे अंग टेकून बसला, बराच वेळ. मी हललेसुद्धा नाही. ऊन खुर्चीवरून भिंतीवर गेलं तेव्हा तो उठला आणि मागे न बघता बाहेर निघून गेला.

मी डोळे पुसून त्याच्या भांड्यातलं पाणी बदललं आणि दादाला फोन केला.

"आईला माहीत होतं," मी म्हणाले. "गाठीचं. पहिल्यापासून."

 मग त्याचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा. "तुला कोणी सांगितलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि हा मागे कसला आवाज येतोय?" तो म्हणाला. "करकर, करकर?"

"मुकादम," मी म्हणाले. "गवत खातोय."